उगवतीकडे पाठ

गणराजचं ठरलेलं लग्न मोडलं, ते साल दोन हजार तेवीस. वैशाखात सुपारी फुटली होती. मुलगी देहूरोडची, दिव्या नावाची. आषाढ लागायच्या आत तिचा मामा एकटाच स्कूटरवरून पुनावळ्याला आला. सुपारीतला नारळ आणि शेला त्यानं गणराजच्या बापाच्या, ज्योतीरामच्या ओट्यावर ठेवला आणि चप्पल न काढताच माघारी फिरला. गणराजची आई अंबूबाई आतून पाण्याचा तांब्या घेऊन येईस्तोवर स्कूटर गल्लीच्या टोकाला पोचली होती.

कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं. चाकणच्या एका कंपनीतला भंगाराचा ठेका चिमाजीकडे होता. चिमाजी म्हणजे ज्योतीरामचा सख्खा चुलतभाऊ. दोघांच्या घरांमध्ये बैलगाडी जाईल एवढा बोळ. भंगार उचलायच्या कामावर चिमाजीनं पुतण्याला, गणराजला, मुकादम म्हणून लावलं होतं. एक दिवस तांब्याच्या तारेचा अख्खा ढीग गायब झाला. कंपनीचे साहेब चिमाजीवर उखडले, तेव्हा चिमाजीनं शिफ्ट सुटायच्या वेळेला, गेटवर, साऱ्या कामगारांसमोर गणराजची कॉलर धरली. वॉचमननं त्याची पँट उतरवून झडती घेतली. गणराज चड्डीवर उभा होता आणि बसमध्ये बसलेले लोक मोबाइल वर करून त्याला बघत होते.

महिनाभरात खरं काय ते घरातल्या घरात बाहेर आलं. तार चिमाजीच्या मेव्हण्यानं टेम्पोतून नेली होती. चिमाजीनं मेव्हण्याच्या दोन थोबाडीत दिल्या, साहेबांच्या हातापाया पडून प्रकरण मिटवलं, ठेका राखला. पण गणराज चोर नव्हता, एवढं मात्र तो कुठं बोलला नाही.

ज्योतीराम एकदाच त्याच्याकडे गेला. चिमाजीचा बंगला नवा, दोन मजली. वरच्या मजल्याला बोळाकडे तोंड करून लांबलचक गॅलरी. रोज सकाळी तिथं खुर्ची टाकून चिमाजी पेपर वाचायचा, आणि कामं घेऊन आलेले एजंट, ठेकेदार, पोरं त्याच्यापुढं उभी राहायची. ज्योतीरामही उभाच राहिला.

"चिमाजी, मला दुसरं काय नको. मारुतीच्या पारावर चार माणसांत येवढंच बोल, की पोरगं चोर नव्हतं."

"बोलू की."

"कवा?"

"आरं, इषय थंड झालाय. कशाला उकरतोस? मी बोललो म्हंजे लोक इचारणार, मग चोर कोण? बायकोच्या भावाचं नाव घेऊ का पारावर?"

"घे."

चिमाजी हसला. समोर उभी असलेली पोरंही हसली. त्यानं पेपरचं पान उलटलं आणि आत हाक मारली, "आगं, ज्योत्याला च्या टाका. साखर जास्त घाला, तोंड कडू झालंय त्याचं."

ज्योतीराम चहा न घेता जिना उतरला. त्या दिवसापासून त्यानं बोळाकडची खिडकी बंद केली. तो भांडला नाही, शिव्याही दिल्या नाहीत. चिंचवडला फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये त्यानं उमर घालवली होती. लोखंड थंडच कापायचं असतं, हे त्याच्या हाताला माहीत होतं.

गणराज दोन-चार महिने घरात पडून राहिला. मग दापोडीच्या अजिमच्या हाताखाली सोलरची पॅनल बसवायला जाऊ लागला. अजिम आधी वायरमन होता, आता सगळीकडे गच्च्यांवर पॅनल लागू लागल्यावर त्यानं तो धंदा धरला होता. गणराजचा हात चांगला, उंचीची भीती नाही. पावसाळा सरल्यावर अजिमच म्हणाला, "भावा, तू आता स्वतःचं काम घे. पण गिऱ्हाईक पहिला सवाल हाच करतं, तुमच्या घरावर लावलंय का? दाखवा. तवा पहिलं काम आपल्या घरावर कर."

दिवाळी झाल्यावर पॅनल आली. गच्चीवर अजिमनं फोनमधलं होकायंत्र काढून हातावर आडवं धरलं आणि तो स्वतःभोवती गरकन फिरला.

"चाचा, ही दक्षिण. आपल्या भागात पॅनलचं तोंड दक्षिणेला, आन मान थोडी वर. आठरा-एकोणीस डिग्री, बस. जास्त उभं केलं तर उन्हाळ्यात मार खातं, सपाट निजवलं तर धूळ बसती. दक्षिणेला ठेवलं म्हंजे सकाळचं बी घेतं, संध्याकाळचं बी घेतं."

"आन थंडीत सूर्य खाली असतोय, त्याचं काय?" ज्योतीरामनं विचारलं.

"शौकीन लोक थंडीत उभं करतात, उन्हाळ्यात निजवतात. स्टँडला तशी भोकं ठेवायची. पण कोण चढतंय वर सारखं?"

"मी चढीन. स्टँड मीच करणार हाय."

अजिम हसला. "मग तर काय, चाचा. मिस्त्री घरचाच."

पॅनल जिन्यातून वर आणायचं काम सुरू झालं. एक मोठं पॅनल गणराज आणि अजिमनं खांद्याच्या उंचीवर धरलं होतं. गणराज उंच, पूर्वेच्या अंगाला. अजिम बुटका, पश्चिमेच्या, बोळाच्या अंगाला. दम लागला म्हणून दोघं क्षणभर थांबले. पॅनल बोळाकडे उतरतं झालं, आणि काचेवरून उजेडाचा एक पांढराफेक तुकडा निसटून बोळावरून उडाला तो थेट चिमाजीच्या तोंडावर जाऊन बसला.

चिमाजी खुर्चीतून उठला. डोळ्यांपुढं पेपर धरला. "ए, काय चाललंय रं?" तो ओरडला.

वरून येणारं ऊन अडवायला चिमाजीच्या गॅलरीला रुंद छज्जा होता. न्याहारीच्या वेळेला आत सावली असायची. पण हा उजेड वरून आला नव्हता, समोरून, डोळ्यांच्या रेषेत आला होता. त्याला छज्जा काय करणार?

अजिम पॅनल सरळ करायला लागला. ज्योतीराम म्हणाला, "थांब. हाय तसंच धर."

"चाचा, हात भरून आले."

"धर म्हंतो ना. गण्या, तुझी बाजू जरा वर घे. आनिक. बास."

चिमाजीनं पेपर खाली केला, परत वर केला. हाताचा आडोसा केला. मग खुर्ची उचलून आत गेला. समोर उभ्या असलेल्या दोन ठेकेदारांना काय करावं कळेना, तेही डोळे चोळत आत गेले. ज्योतीरामनं कठड्यावरचा विटेचा तुकडा घेतला आणि जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर तिरपी रेघ ओढली. पॅनलचा उतार तिथं उमटला.

"तोंड पश्चिमेला करायचं," तो म्हणाला.

अजिमनं गणराजकडे बघितलं. गणराज खाली बघत होता.

"चाचा, हे गलत होईल. पाठ उगवतीला करून पॅनल कोण बसवतं? सकाळचं सगळं ऊन वाया जाणार."

"जाऊ दे."

"वीज कमी बनंल."

"बनू दे. घर माझं हाय, ऊन बी माझंच."

"आबा," गणराज हळूच म्हणाला, "मला नकोय हे."

"तुला कोण इचारतंय? चड्डीवर उभा केला तवा तरी इचारलं हुतं का कुणी?"

गणराज पॅनल भिंतीला टेकवून खाली निघून गेला.

स्टँड करायला ज्योतीरामला बरेच दिवस लागले. अंगणात त्यानं अँगल कापले, पाय उंच केले, कारण उजेड कठड्यावरून जायला हवा होता. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी धोतराला बारीक भोकं पडली. वय झालेलं, मशीन जुनं, मुखवट्याची काच काळी पडलेली. वेल्डिंग करताना तो मुखवटा बाजूला सारून जोड बघायचा आणि रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं व्हायचं. अंबूबाई बटाट्याच्या चकत्या कापून त्याच्या पापण्यांवर ठेवायची.

"त्याचे डोळे दिपवायला निघालाव आन सोताचे घालवून बसाल," ती म्हणायची.

"त्याचे आधी जाऊ देत."

"अवो, पण पोराचं नाव खराब हुईल. लोक बघायला येणार."

"नाव खराब झालंय त्याचं. ते नीट करायलाच ह्यो स्टँड हाय."

पायांच्या वरच्या पट्टीला त्यानं एकेक भोक न पाडता लांबट खाचा पाडल्या. पान्यानं नट ढिला करायचा, पॅनल हवं तेवढं वर-खाली करायचं, परत आवळायचं. मागच्या पायांखाली त्यानं अशी पट्टी दिली, की सगळी रांग जराशी डावी-उजवी फिरायची. दुसरा कुणी असता तर ऋतूप्रमाणे सूर्याकडे बघून ते फिरवलं असतं. ज्योतीरामला सूर्याचं काम नव्हतं.

अजिमनं जोडणी करून दिली. तो जाताना म्हणाला, "चाचा, माझं नाव कुणाला सांगू नका ह्या कामावर."

पहिल्या सकाळी ज्योतीराम पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभा राहिला. सूर्य पूर्वेकडच्या टॉवरांच्या डोक्यावरून वर आला. चिमाजीनं खुर्ची टाकली, चहा आला, पेपर उघडला. मग काचेची सारी रांग एकदम पेटली. गॅलरीची अर्धी भिंत पांढरी झाली. चिमाजीच्या हातातला चहा मांडीवर सांडला.

"ज्योत्या!" तो कठड्याशी येऊन ओरडला. "आंधळा झालास का रं? काय लावलंस हे?"

"सोलर हाय."

"तोंड हिकडं कशाला केलंस?"

"माझं पोरगं चोर हाय ना. चोराला दिशा कळत नसती."

चिमाजीला कळलं. त्यानं खुर्ची गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला नेली. दुसऱ्या दिवशी ज्योतीरामनं चार नट ढिले केले आणि उजेड तिथं पोचवला. चिमाजीनं हिरवी जाळी बांधली. जाळीतून उजेड हिरवा होऊन आत यायला लागला, आणि त्यात चिमाजी आजारी माणसासारखा दिसू लागला. लोक जिना चढून यायचे, क्षणभर डोळे मिचकावत उभे राहायचे आणि म्हणायचे, "शेठ, आत बसू का?" आत हॉलमध्ये बायका-पोरं, टीव्ही. ठेक्याच्या गोष्टी तिथं निघत नसत. चिमाजीनं काळा गॉगल घेतला. बोळातून जाताना पोरं विचारायची, "शेठ, डोळे आले का?"

चिमाजीनं महापालिकेच्या माणसाला बोलावून आणलं. त्यानं वर बघितलं, मान खाजवली. "पॅनल त्यांच्या गच्चीवर आहेत, शेठ. उजेडावर नोटीस कशी काढू?"

मार्गशीर्ष गेला, पौष आला. सूर्य दक्षिणेकडून सरकत होता तसा उजेडही गॅलरीत रोज थोडा सरकायचा. ज्योतीराम पाना कमरेला लावूनच उठायचा. थंडीत लोखंड इतकं गार असायचं की बोटं चिकटायची. गुडघे वाजायचे. पण चिमाजी गॅलरीतून उठून आत गेला की त्याच्या पोटात ऊब भरायची, भाकरीनंही भरत नव्हती तशी.

एके सकाळी जाळी काढलेली दिसली. खुर्चीत चिमाजी नव्हता. चिमाजीची आई होती, यशोदाबाई. नव्वदीला टेकलेली, पायांनी अधू. तिला दोन माणसांनी उचलून आणून बसवलं होतं. अंगावर घोंगडी, डोईवर पदर. चिमाजी दारात हाताची घडी घालून उभा होता.

"घाल आता," तो म्हणाला. "घाल की तिच्या डोळ्यांत."

ज्योतीराम पाना हातात धरून तसाच राहिला. त्याची आई बाळंतरोगानं गेली तेव्हा तो रांगत होता. ह्याच काकीनं त्याला आणि चिमाजीला दोन मांड्यांवर घेऊन वाढवलं होतं. त्यानं नटाला हात घातला. मग चिमाजीचं हसू दिसलं, आणि हात मागं आला.

तेवढ्यात यशोदाबाई बोलली. आवाज बारीक, पण बोळ अरुंद. "कोन हाय रं तिकडं? ज्योत्या का?"

"व्हय, काकी."

"ऊन तूच धाडलंस व्हय? लई बरं वाटतंय बग. आतल्या खोलीत पार गारठून गेले हुते. माझ्या गुडघ्यावं बसलंय आक्षी मांजरावानी."

चिमाजीचं हसू गेलं. "आई, ते ऊन न्हाई. तो मुद्दाम करतोय."

"मुद्दाम का हुईना, करतोय न्हवं? तू काय केलंस? मला संडासाशेजारची खोली दिलीस."

खाली बोळात भाजीवाली कुसुमताई थांबली होती, ती खो खो हसली. चिमाजी आत निघून गेला. ज्योतीरामला हसू आलं नाही. चिमाजीचा डाव फसला होता, पण त्याचाही फसला होता. तो चिमाजीला चटका द्यायला उभा होता आणि चिमाजीच्या आईचे गुडघे शेकत होता.

मग रोजचंच झालं. यशोदाबाई सकाळी स्वतःच हाका मारून गॅलरीत यायची. चिमाजीला तिला आत ठेवता येईना आणि तिच्यामुळं स्वतः बसताही येईना. ज्योतीराम पॅनल फिरवीना. फिरवलं तर चिमाजीनं आईला पुढं करून जिंकलं असं झालं असतं.

संक्रांतीनंतर देहूरोडवरून सरदारभाई आले. त्यांचं मोठं गॅरेज होतं, पत्र्यावर पॅनल टाकायची होती. अजिमनं गणराजचं नाव सुचवलं होतं. गणराजनं नवा शर्ट घातला होता. सरदारभाई गच्चीवर आले, सगळी रांग बघितली, स्टँडवर हात ठेवून हलवून बघितलं.

"काम मजबूत हाय," ते म्हणाले. मग सूर्याकडे बघितलं, पॅनलकडे बघितलं. "पण बेटा, हे तर मावळतीकडं बघतंय. सकाळ गेली तुझी."

"त्याचं असं हाय, भाई..." गणराज बोलायला गेला.

"मिस्त्रीला दिशा कळत न्हाई आन मी त्याला माझ्या गॅरेजवर चढवू?" सरदारभाई वाईट बोलले नाहीत, हसतच बोलले. "शिकून घे आधी. मग ये."

ते जिना उतरून गेले. गणराज खाली मान घालून उभा होता. गेटवर उभा होता तसाच. फक्त अंगावर कपडे होते. ज्योतीरामनं ते बघितलं आणि नजर चिमाजीच्या गॅलरीकडे वळवली.

त्या संध्याकाळी गणराजनं पिशवी भरली.

"आबा, कुठं चाललो विचारा."

"कुठं?"

"दापोडीला. अजिमच्या खोलीवर. हितं राहिलो तर मला काम मिळणार न्हाई. त्यानं एकदा माझी इज्जत घेतली. तुमी रोज घेताय, रोज सकाळी, नट आवळून."

"तुझ्यासाठीच करतोय रं मी."

"माझ्यासाठी करताय तर फिरवा दक्षिणेला."

अंबूबाई दाराशी पदर तोंडात धरून उभी होती. गणराज तिच्या पाया पडला, बापाच्या पडला नाही.

फाल्गुनात यशोदाबाईनं ज्योतीरामला हाक मारली. तो पॅनलवरची धूळ फडक्यानं पुसत होता. बांधकामांची धूळ रोज बसायची, उजेड मंद व्हायचा, म्हणून तो रोज पुसायचा.

"ज्योत्या, पोरगं घर सोडून गेलं म्हनं."

"गेलं."

"मला समदं ठाव हाय रं. तार ह्याच्या मेव्हण्यानं नेली. माझ्यासमोरच चिमाजीनं त्याला हानला. गणराज चोर न्हाई."

"मग काय करू, काकी?"

"मला खाली न्या. पारावं बसवा. मी सांगते समद्यांना. माझ्याच लेकाचं नाव घेऊन सांगते. मातारीचं कोन खोटं म्हननार हाय?"

ज्योतीरामचा हात थांबला. पारावर सगळे जमले असते. यशोदाबाई गावातली सर्वांत वयस्कर, तिचा शब्द देहूरोडपर्यंत गेला असता. दिव्याच्या मामानं ऐकला असता, सरदारभाईनंही. त्याला एवढंच हवं होतं.

पण त्याच्या डोळ्यांपुढं चिमाजी आला, पेपरचं पान उलटणारा.

"तू नको," तो म्हणाला. "त्यानं बोलायला पायजे. त्याच्याच तोंडानं."

"तो बोलायचा न्हाई रं."

"मग बसू दे."

"तुला पोराचं नाव पायजे का चिमाजीची मान पायजे?"

ज्योतीरामनं फडकं बादलीत बुचकळलं. यशोदाबाई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांना कितपत दिसत होतं कोण जाणे.

"बरं," ती म्हणाली. "मग मीबी हितनं हालत न्हाई. तुमी दोघं एकमेकांशी बोलाल, तवाच आत जाईन."

कुणालाच ते खरं वाटलं नाही. पण तिनं खरंच धरलं. सकाळी आणून बसवली की दुपारपर्यंत उठायची नाही. सून उचलायला आली की काठी उगारायची. चैत्र लागला. हायवेवरून तापलेल्या डांबराचा वास यायला लागला. उन्हाळ्यात सूर्य नीट पूर्वेला उगवतो, आणि आता उजेड बरोबर गॅलरीच्या मधोमध, तिच्या खुर्चीवर यायचा. वर छज्ज्याचा तापलेला स्लॅब, समोरून काचांची झळ. घोंगडी केव्हाच गेली होती. तिचं तोंड भाजलेल्या वांग्यासारखं सुरकुतलं होतं. पण हाक तीच, "ज्योत्या, बोललास का रं त्याच्याशी?"

अंबूबाईनं जेवण सोडलं. "अवो, तुमच्या पाया पडते. काकी मरंल."

"चिमाजीनं उचलावी. त्याची आई हाय."

बोळाच्या पलीकडे चिमाजीची बायकोही तेच सांगत होती. चिमाजीचा आवाज यायचा, "त्यानं फिरवावं. पॅनल त्याची हायेत."

हनुमान जयंतीला पारावर गावजेवण झालं. ज्योतीराम आणि चिमाजी दोघंही पंगतीला होते, दोन टोकांना. वाढणाऱ्या पोरांना ठाऊक होतं कुणाच्या पानाशी कुणाचं नाव काढायचं नाही.

गुरुवारी सकाळी ज्योतीराम पाना घेऊन वर गेला. यशोदाबाईनं त्याला हाक मारली नव्हती. तिची मान खुर्चीच्या पाठीवर पडली होती, तोंड उघडं होतं, श्वास चालू होता. त्यानं पहिला नट ढिला केला. दुसरा केला. पॅनल कुरकुरलं. अजून दोन केले की सगळी रांग बाजूला फिरली असती आणि उजेड तिच्या खुर्चीवरून सरकला असता.

खाली बोळातून चिमाजी मोटारसायकल काढत होता. त्यानं वर बघितलं.

"का रं ज्योत्या? दमलास?"

ज्योतीराम थांबला.

"फिरव, फिरव. मला ठाव हुतं, तुझ्यात दम न्हाई. पोराच्या टायमाला बी नुसताच च्या न पिता गेलास."

ज्योतीरामनं पाना उलटा फिरवला. दोन्ही नट परत आवळले, दात आवळावेत तसे. चिमाजीनं किक मारली आणि चाकणला निघून गेला.

शुक्रवारी न्याहारीच्या वेळी अंबूबाईनं खिडकी उघडली आणि ओरडली. ज्योतीराम बोळ ओलांडून धावला. त्या बंगल्याचा जिना तो त्या चहानंतर पहिल्यांदाच चढत होता. चिमाजी आधीच गॅलरीत होता. आईचा हात हातात घेऊन नाडी बघत होता, त्याला कुठं नाडी बघता येत होती? उजेड दोघांच्या तोंडावर पडला होता. दोघांचेही डोळे मिटले जात होते.

"तू मारलीस माझी आई," चिमाजी म्हणाला.

"तू बसवलीस," ज्योतीराम म्हणाला.

जिना वळणाचा होता. खुर्चीसकट खाली आणायचं म्हटलं तर दोन माणसं लागणार होती, एक पुढं आणि एक मागं. घरात दुसरा पुरुष नव्हता. दोघांनी खुर्ची उचलली. चिमाजी खाली, ज्योतीराम वर. वळणावर खुर्ची अडकली, तेव्हा "जरा वर घे" असं चिमाजी म्हणाला, आणि ज्योतीरामनं वर घेतली. तेवढंच दोघं बोलले. यशोदाबाईला ते ऐकू आलं असेल की नाही, सांगता येत नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी वय आणि उष्मा एवढंच सांगितलं.

दापोडीहून गणराज आला. त्यानं आजीला खांदा दिला, पवनेच्या घाटावर पाणी दिलं आणि तिथूनच माघारी गेला. ज्योतीराम त्याच्याकडे बघत होता. गणराज त्याच्याकडे बघत नव्हता. घाटावर देहूरोडचीही चार माणसं आली होती. गणराज चोर नव्हता, हे त्यांना आता कोण सांगणार होतं?

चिमाजीनं ते अजून सांगितलेलं नाही. पॅनल अजून मावळतीकडेच तोंड करून उभी आहेत.

यशोदाबाई, चिमाजीची आई आणि ज्योतीरामची चुलती, हनुमान जयंतीच्याच आठवड्यात, शुक्रवारी, सव्वीस एप्रिल दोन हजार चोवीसला सकाळी वारली.